सॅम्पलमधून ध्वनिवातावरण: सॉफ्टवेअर निवडण्याची पद्धत

पत्र्यावर पडणाऱ्या पावसाचे वीस सेकंदांचे ध्वनिमुद्रण आणि देवळातल्या घंटेचा एक टोल, एवढ्या सॅम्पलमधून, म्हणजे मुद्रित आवाजाच्या छोट्या तुकड्यांतून, संपूर्ण एकांकिकेला पुरेल इतके ध्वनिवातावरण उभे करता येते. मात्र त्यासाठी कोणते सॉफ्टवेअर घ्यावे असे विचारले की उत्तरादाखल बहुधा नावांची लांबलचक यादी हाती पडते. यादीतले प्रत्येक नाव कोणत्या ना कोणत्या कामासाठी चांगलेच असते, आणि नेमक्या त्याच कारणाने यादीचा निवडीसाठी उपयोग होत नाही. या कामात सॉफ्टवेअर निवडण्याआधी प्रक्रिया निवडावी लागते. आवाज ताणायचा आहे, त्याचे कण करायचे आहेत, त्यातला एक क्षण गोठवायचा आहे, की तो दुसऱ्या एखाद्या जागेच्या घुमाऱ्यात नेऊन ठेवायचा आहे, हे एकदा ठरले की बरीचशी नावे आपोआप गळतात आणि शेवटी दोन-तीनच उरतात.

दुसरा प्रश्न वापराचा. माहितीपटासाठी ठरावीक लांबीची एक फाइल पुरते. एकांकिकेत मात्र नटाने विराम लांबवला तर वातावरणही लांबले पाहिजे, आणि कलादालनातील मांडणीत तेच ध्वनिवातावरण दिवसभर चालूनही त्याची पुनरावृत्ती प्रेक्षकाच्या लक्षात येता कामा नये. पहिल्या कामासाठी प्रक्रिया करून फाइल तयार करणारे साधे सॉफ्टवेअर चालते, उरलेल्या दोन कामांसाठी चालत्या आवाजावर काम करणारे लागते. हा फरक विकत घेतल्यानंतर कळला तर तो महागात पडतो.

आधी स्वतःचे तीन आवाज

कोणतेही सॉफ्टवेअर उतरवून घेण्यापूर्वी स्वतःची तीन ध्वनिमुद्रणे तयार ठेवावीत आणि पुढच्या सगळ्या चाचण्या त्याच तिघांवर कराव्यात. पहिले आघाताचे असावे: देवळातल्या घंटेचा एक टोल, त्याची आस पूर्ण विरेपर्यंत. दुसरे सलग आवाजाचे: पत्र्यावरचा पाऊस, किंवा वरळीच्या किनाऱ्यावर आपटणाऱ्या लाटा. तिसरे माणसांच्या बोलण्याचे. दादरच्या फुलबाजारातला पहाटेचा गलबला यासाठी उत्तम, कारण त्यात जवळची हाक आणि दूरची गुणगुण एकाच वेळी सापडते. जमल्यास चौथे म्हणून लोकल सुटताना तिच्या मोटरचा चढत जाणारा सूर घ्यावा. सॉफ्टवेअरसोबत येणारे तयार आवाज ऐकून मत बनवू नये, कारण त्या सॉफ्टवेअरचे गुण उठून दिसावेत अशाच बेताने ते निवडलेले असतात.

ध्वनिमुद्रण शक्यतो ४८ किलोहर्ट्झ (म्हणजे सेकंदाला ४८ हजार नमुने), २४ बिट आणि वेव्ह या न दाबलेल्या स्वरूपात असावे. मोबाइलमधला नेहमीचा रेकॉर्डर बहुधा आवाज दाबून साठवतो आणि कित्येकदा पार्श्वभूमीचा आवाज स्वतःहून कमीही करतो. बोलणे नोंदवण्यासाठी ते ठीक असले तरी वातावरणासाठी घातक आहे, कारण पार्श्वभूमी हाच तर आपला कच्चा माल असतो. एमपी३सारख्या दाबलेल्या फाइलमधले दोष नेहमीच्या वेगात लपून राहतात, पण तोच आवाज दहापट ताणला की पाण्यातल्या बुडबुड्यांसारखी एक किरकिर वर येते आणि ती नंतर कशानेही जात नाही. आवाज वेग कमी करून खाली उतरवायचा असेल, तर ९६ किलोहर्ट्झवर मुद्रण केल्याचा खरा फायदा होतो. वेग निम्मा केला की सूर एक सप्तक खाली येतो आणि वरच्या पट्टीतला तपशीलही निम्म्यावर येतो, ४४.१ किलोहर्ट्झच्या मुद्रणात तो ११ किलोहर्ट्झच्या आसपास संपतो आणि आवाज ब्लँकेटखालून आल्यासारखा वाटतो. अर्थात माइकनेही तेवढे वरचे कंप टिपलेले असले पाहिजेत.

एक गोष्ट घरातच तपासावी. आपल्याकडे विजेचा पुरवठा ५० हर्ट्झचा असल्यामुळे पंखा, फ्रिज, चार्जर यांची गुणगुण ५० हर्ट्झवर आणि १००, १५० अशा त्याच्या पटींवर मुद्रणात उतरते. पुढे हेच सॅम्पल ताणून त्यावर घुमारा चढवला की ती गुणगुण सगळ्या वातावरणाचा न मागितलेला षड्ज होऊन बसते. म्हणून पहिली चाळणी अशी लावावी: अरुंद पट्ट्याचा फिल्टर लावून हे कंप कापण्याची सोय सॉफ्टवेअरमध्ये आहे का? ऑडॅसिटी हे विनामूल्य ध्वनिसंपादक आणि रीपर हे बहुमार्गी ध्वनिमुद्रणाचे सॉफ्टवेअर, या दोन्हींत ती आहे.

ताणणे

या प्रक्रियेपासून सुरुवात करावी, कारण त्यासाठी एक रुपयाही खर्च करावा लागत नाही. पॉल नास्का यांनी लिहिलेली पॉलस्ट्रेच ही पद्धत विनामूल्य आहे, आणि ऑडॅसिटीमध्ये ती इफेक्ट म्हणून अंतर्भूतच आहे. तिच्यात दोनच आकडे द्यावे लागतात: किती पट ताणायचे आणि किती मोठ्या तुकड्याने ताणायचे. न बदलता ठेवले तर हे आकडे १० पट आणि ०.२५ सेकंद असे असतात.

या दुसऱ्या आकड्याकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात, आणि परिणामाची चव मात्र त्याच्यावरच ठरते. ही पद्धत आवाजाचे एकावर एक चढलेले तुकडे घेते, प्रत्येक तुकड्यात कोणते कंप किती जोराचे आहेत हे मोजते, ते जोर तसेच ठेवते, पण त्या कंपांची परस्परांशी असलेली वेळेची जुळणी यादृच्छिक करून टाकते. त्यामुळे तुकड्याच्या आत काय आधी घडले आणि काय नंतर, ही माहिती पुसली जाते. स्वर उरतो, आघात विरतो. पाव सेकंदाच्या तुकड्यात सुमारे ४ हर्ट्झपर्यंतचा फरक ओळखू येतो, तर ०.०५ सेकंदाच्या तुकड्यात तो २० हर्ट्झपर्यंत खरखरीत होतो. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाचा मध्य षड्ज साधारण १३९ हर्ट्झचा असतो आणि त्यावरचा कोमल ऋषभ त्यापासून जेमतेम आठ-नऊ हर्ट्झ दूर. लहान तुकड्याला हे दोन स्वर वेगळे दिसतच नाहीत आणि ते एकमेकांत मिसळून खरखर होते. उलट तुकडा एक सेकंदाचा केला तर स्वर काचेसारखे स्वच्छ येतात, पण लोकलच्या मोटरचा चढता सूर त्या एका सेकंदात बरीच वाट चालून गेलेला असतो, आणि ती सगळी वाट एकदमच वाजते. चौथे सॅम्पल घ्यायचे ते यासाठी. सरकता सूर सांभाळू शकेल असा सुवर्णमध्य आपल्या कानाला कोठे सापडतो, हे ठरवायला त्याच्याइतका चांगला परीक्षक नाही.

तीन सॅम्पलपैकी घंटा या प्रक्रियेत सर्वाधिक फुलते: टोल नाहीसा होतो आणि तिच्या आसेतले एरवी क्षणभर ऐकू येणारे उपस्वर मिनिटभर उभे राहतात. माणसांच्या बोलण्यातली व्यंजने पुसली जाऊन स्वर तेवढे उरतात, त्यामुळे फुलबाजाराचा गलबला दूरवरच्या समूहगायनासारखा होतो. पावसाचे मात्र जवळजवळ काहीच होत नाही. पाऊस मुळातच यादृच्छिक. त्याचे थेंब म्हणजे सूक्ष्म आघात, आणि तेच पुसले गेल्यावर केवळ सपाट सळसळ उरते. पाऊस ताणण्यात वेळ घालवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

ऑडॅसिटीतील पॉलस्ट्रेचची उणीव अशी की आकडा बदलला की पुन्हा प्रक्रिया करून वाट पाहावी लागते. पॉल-एक्स-स्ट्रेच हे त्याच पद्धतीवर उभे असलेले विनामूल्य सॉफ्टवेअर आवाज वाजत असतानाच आकडे बदलू देते, आणि ते स्वतंत्रपणेही चालते व प्लगइन म्हणूनही, म्हणजे दुसऱ्या संगीत-सॉफ्टवेअरच्या आत जोडूनही. शिकण्यासाठी मी तेच सुचवेन, कारण कानाने फरक ऐकत हात चालवला तर पंधरा मिनिटांत जे उमगते ते आकडे भरून उमगत नाही. अतिताणाच्या फाइलींविषयी एक बारीक सूचना: साध्या वेव्ह फाइलला ४ जीबीची मर्यादा असते. ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टिरिओ या मापाने ती साधारण दोन तासांत संपते, आणि दोन मिनिटांचे सॅम्पल शंभरपट ताणले की दोनशे मिनिटे होतात.

गाण्याचा ठेका जुळवण्यासाठी संगीत-सॉफ्टवेअरमध्ये दिलेली नेहमीची ताणण्याची सोय वेगळी. तिला आघात जपायचे असतात, त्यामुळे आठ-दहापट ताणल्यावर ती अडखळू लागते. ते अडखळणेच हवे असेल तर गोष्ट निराळी.

कण करणे

पावसाला खरा न्याय मिळतो तो कणसंश्लेषणात. ध्वनी हा सूक्ष्म कणांचा बनलेला आहे असे मानून त्याचा विचार करता येईल, ही मांडणी भौतिकशास्त्रज्ञ डेनिस गॅबर यांनी १९४०च्या दशकात केली. संगीतकार यानिस झेनाकिस यांनी ती रचनेत आणली, कर्टिस रोड्स यांनी १९७०च्या दशकात ती संगणकावर उतरवली, आणि बॅरी ट्रुॲक्स यांनी १९८०च्या दशकात कॅनडात ती प्रत्यक्ष वाजत्या आवाजावर करून दाखवली. आज जवळपास प्रत्येक मोठ्या संगीत-सॉफ्टवेअरमध्ये तिचे कोणते ना कोणते रूप असते, आणि म्हणूनच येथे निवड अधिक अवघड होते.

सॅम्पलमधून साधारण १ ते १०० मिलिसेकंद लांबीचे कण उचलायचे, प्रत्येक कणाची सुरुवात व शेवट मऊ करायचा, आणि ते हवे तितके दाट, हव्या त्या क्रमाने पसरायचे, एवढेच तत्त्व आहे. कणाच्या आत आवाज जसाच्या तसा राहतो, म्हणून थेंबाचा टपकारा टिकतो, आणि कण कोठून उचलायचे ती जागा एकाच ठिकाणी रोखून धरता येत असल्याने काळ थांबल्यासारखा होतो. कण ठरावीक अंतराने पडू लागले तर मात्र फसगत होते: दर २० मिलिसेकंदांनी एक कण म्हणजे सेकंदाला ५० कण, आणि कानाला ती ५० हर्ट्झची घरघर म्हणून ऐकू येते. पुष्कळ नवशिके या घरघरीला सॅम्पलचा दोष समजतात. तिच्यावर उपाय म्हणजे कणांच्या वेळेत आणि जागेत थोडी अनिश्चितता मिसळणे. त्यामुळे कणसंश्लेषणाचे कोणतेही सॉफ्टवेअर पाहताना सर्वप्रथम ही अनिश्चिततेची कळ शोधावी. अनेकदा तिला स्प्रे, जिटर किंवा रँडम असे नाव असते. वेळेची अनिश्चितता आणि जागेची अनिश्चितता वेगवेगळी ठरवता येत असेल तर ते सॉफ्टवेअर गांभीर्याने घडवलेले आहे असे समजण्यास हरकत नाही.

त्यानंतर पाहायचे ते हे: कणाची लांबी कोणत्या टोकापासून कोणत्या टोकापर्यंत जाते, जागेची कळ अतिशय मंद गतीने आपोआप फिरवता येते का, सॅम्पल किती लांबीचे चालते, आणि सूर सेंटमध्ये, म्हणजे अर्ध्या स्वराच्या शंभराव्या भागांत, बदलता येतो का. शेवटचा मुद्दा आपल्याकडे विशेष महत्त्वाचा आहे. घंटेचा सूर पेटीच्या कोणत्याही पट्टीवर नेमका बसत नाही; सोबत गायिका काळी चारमध्ये गात असेल आणि मागे घंटेचे वातावरण तीस सेंट उतरलेले असेल, तर तानपुऱ्यावर तयार झालेल्या कानाला ते सहन होत नाही. अर्ध्या स्वराच्याच पायऱ्या देणारे सॉफ्टवेअर अशा कामाला निरुपयोगी ठरते.

आणखी एक भेद: काही कणसंश्लेषक वाद्याच्या रूपात असतात, काही इफेक्टच्या. वाद्यात फाइल भरायची आणि ती कीबोर्डवर वाजवायची. इफेक्ट मात्र समोरून येणारा कोणताही आवाज, अगदी रंगमंचावरच्या माइकचासुद्धा, त्या क्षणी कणांत मोडतो. ॲबलटन लाइव्ह या संगीत-सॉफ्टवेअरसाठी रॉबर्ट हेन्के यांनी घडवलेले ग्रॅन्युलेटर, ॲपलच्या लॉजिक प्रोमधले अल्केमी, स्टाइनबर्गचे पॅडशॉप, आर्टुरियाच्या पिगमेंट्समधले सॅम्पल इंजिन, ऑडिओ डॅमेजचे क्वांटा हे सगळे वाद्यवर्गातले. आउटपुटचे पोर्टल आणि विनामूल्य मिळणारे इमर्जन्स हे इफेक्ट. या नावांतून निवडताना माझा कल असा: आधीपासून मॅकवर लॉजिक वापरत असल्यास अल्केमी सोडून दुसरीकडे पाहण्याची गरज नाही, कारण त्यात कणसंश्लेषणाबरोबर वर्णपटावरचे, म्हणजे आवाजात कोणते कंप किती जोराचे आहेत त्यावर काम करणारे, संश्लेषणही आहे. ग्रॅन्युलेटरचा आवाज मला अधिक आवडतो, पण त्यासाठी मॅक्स फॉर लाइव्ह ही लाइव्हची जोडणी लागते आणि ते लाइव्हच्या स्वीट या सर्वांत महागड्या आवृत्तीसोबत येते. म्हणजे हिशेब स्वीटच्या किमतीचा करावा. एकही रुपया न खर्चता या प्रक्रियेची ओळख करून घ्यायची असेल तर व्हीसीव्ही रॅक हे आभासी मॉड्युलर सॉफ्टवेअर घ्यावे. म्युटेबल इन्स्ट्रुमेंट्सच्या क्लाउड्स या कणसंश्लेषक मॉड्युलची आवृत्ती त्यात विनामूल्य मिळते.

जुन्या विनामूल्य प्लगइनची मात्र खात्री करून घ्यावी. त्यांपैकी पुष्कळ ३२ बिटच्या काळातली आणि फक्त विंडोजसाठी आहेत, आणि आजची बहुतेक ६४ बिट सॉफ्टवेअर ती थेट उघडत नाहीत.

गोठवणे आणि घुमारा

गोठवण्याविषयी थोडक्यात. एका क्षणाचा वर्णपट धरून ठेवून तो अखंड वाजवणे ही सोय लाइव्ह स्वीटमधील स्पेक्ट्रल टाइममध्ये आहे, आणि मॅकवर मायकेल नॉरिस यांच्या साउंडमॅजिक स्पेक्ट्रल या विनामूल्य संचातही. घंटेवर ती सुंदर लागते, इतरत्र लवकर कंटाळा आणते.

घुमाऱ्याच्या बाबतीत कन्व्होल्यूशन ही पद्धत या कामासाठी सर्वांत कमी वापरली जाणारी आणि सर्वांत फलदायी आहे. एखाद्या जागेत फुगा फोडून किंवा जोरात टाळी वाजवून त्या जागेचा प्रतिसाद मुद्रित करायचा आणि तो दुसऱ्या आवाजाला लावायचा, म्हणजे तो आवाज त्या जागेत वाजल्यासारखा येतो. मुंबईत यासाठी जागांची वानवा नाही. गिरगावातल्या जुन्या चाळीचा लाकडी जिना कोरडा आणि आखूड वाजतो, सात मजली सिमेंटच्या इमारतीचा जिना लांबच लांब घुमतो, आणि कान्हेरीच्या तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यातले चैत्यगृह या दोहोंपेक्षा वेगळेच उत्तर देते. लेण्यांमध्ये मुद्रण करण्यापूर्वी तेथील परवानगीचे नियम पाहावेत. फुगा तर तेथे फोडूच नये, टाळी पुरते.

याच पद्धतीचा उलटा वापर अधिक रंजक आहे. जागेच्या प्रतिसादाऐवजी दुसरे सॅम्पलच भरायचे: पावसाला घंटेची आस लावली की प्रत्येक थेंब घंटेच्या स्वरात विरू लागतो, आणि ताणूनही ज्याला रूप आले नव्हते त्या पावसाला अचानक सूर येतो. हे करण्यासाठी एकच अट आहे, ती म्हणजे सॉफ्टवेअरने आपली स्वतःची फाइल भरू दिली पाहिजे. रीपरमधले रीव्हर्ब, लॉजिकमधले स्पेस डिझायनर आणि लाइव्हमधले हायब्रिड रिव्हर्ब ती भरू देतात. तयार घुमाऱ्यांची भलीमोठी सूची देऊन स्वतःची फाइल नाकारणारे प्लगइन या कामापुरते बाद समजावे. कृत्रिम आणि अवास्तव लांब घुमारा हवा असेल तर व्हॅलहॅला सुपरमॅसिव्ह विनामूल्य आहे आणि त्यासाठी पैसे मोजण्याचे कारण राहत नाही.

हे सारे मांडायचे कोठे

प्रक्रिया झालेले आवाज थरांनी रचण्यासाठी बहुमार्गी सॉफ्टवेअर लागते. येथे निवडीचा निकष माझ्या मते एकच आहे: प्रत्येक थर आपापल्या लांबीने स्वतंत्रपणे फिरत राहू शकतो का? ३७ आणि ५३ सेकंदांचे दोन थर एकत्र सुरू केले तर ते पुन्हा एकत्र सुरुवातीला येण्यासाठी १,९६१ सेकंद, म्हणजे सुमारे ३३ मिनिटे लागतात. त्यांत ६१ सेकंदांचा तिसरा थर घातला की हाच काळ ३३ तासांच्या पुढे जातो. आकड्यांना सामाईक विभाजक नसला की झाले. कलादालनातील दिवसभराच्या मांडणीसाठी तीन छोटी सॅम्पल पुरतात ती या हिशेबामुळे. लाइव्हच्या सेशन व्ह्यूमध्ये हे अगदी सहज होते, रीपरमध्ये थोड्या मांडणीने होते. ऑडॅसिटी मात्र मुळात संपादनाचे साधन असल्याने तेथे ते कष्टाचे आहे.

रीपर साठ दिवस पूर्ण क्षमतेने वापरून पाहता येते. त्यानंतर व्यक्तिगत वापरासाठी आणि ठरावीक मर्यादेखालील व्यावसायिक उत्पन्न असणाऱ्यांसाठी परवाना ६० डॉलरला मिळतो. लाइव्हची चाचणी आवृत्ती तीस दिवस चालते. डॉलरमधली किंमत रुपयांत मांडताना बँकेचे परकीय चलनाचे शुल्क आणि कर धरावेत. बहुतेक कंपन्या वर्षातून कधी ना कधी सवलत देतात; घाई नसेल तर थांबलेले बरे. मात्र चाचणी आवृत्तीत काम जतन करता येते का, हे पहिल्याच दिवशी पाहून घ्यावे, कारण काही प्लगइन चाचणीच्या काळात अधूनमधून शांतता किंवा खरखर मिसळतात आणि आपण मन लावून घडवलेले वातावरण त्या खरखरीसकट बाहेर पडते.

संगणकाची ताकद कणसंश्लेषणात सर्वाधिक खर्च होते. साधा लॅपटॉप असल्यास बफर, म्हणजे संगणक एका वेळी हाताळतो तो आवाजाचा साठा, ५१२ किंवा १,०२४ नमुन्यांवर ठेवावा. ४८ किलोहर्ट्झवर १,०२४चा विलंब सुमारे २१ मिलिसेकंद होतो आणि संथ वातावरणात तो जाणवत नाही. तयार झालेला थर लगेच फाइलमध्ये उतरवून मूळ प्लगइन बंद करण्याची सवय लावावी. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ स्टिरिओचा एक तास साधारण १ जीबी होतो, त्यामुळे जागेची चिंता करण्याचे कारण नाही. शिवाय असे उतरवलेले थर पाच वर्षांनी ते प्लगइन नाहीसे झाले तरी वाजतात.

ज्यांना संगणकाची भाषा लिहिण्याची भीती वाटत नाही, त्यांनी वरची अर्धी खरेदी टाळावी. सुपरकोलायडर आणि प्युअर डेटा ही दोन्ही विनामूल्य आहेत, ताणणे, कण करणे, गोठवणे हे सर्व त्यांत होते, आणि अखंड बदलत राहणाऱ्या मांडणीसाठी त्यांच्याइतके मोकळे साधन नाही. एकांकिका स्पर्धा पंधरवड्यावर आली असताना मात्र त्यांना हात घालू नये.

दुसऱ्यांची सॅम्पल वापरणाऱ्यांसाठी एक सूचना. बार्सिलोनाच्या पाँपेउ फाब्रा विद्यापीठातून चालणाऱ्या फ्रीसाउंड या संग्रहातली प्रत्येक फाइल वेगळ्या परवान्याखाली असते. काहींना श्रेय द्यावे लागते, काही व्यावसायिक कामात वापरता येत नाहीत. आवाज ताणून ओळखू न येण्याजोगा झाला म्हणून परवान्याची अट सुटत नाही. बाजारात मुद्रित केलेल्या बोलण्यात कोणाचे खासगी संभाषण शब्दशः कळत असेल तर तो भाग गाळावा.

शेवटची चाचणी

उरलेल्या दोन-तीन सॉफ्टवेअरमध्ये निवड करण्यासाठी एक संध्याकाळ राखून ठेवावी. प्रत्येकात तीच तीन सॅम्पल भरावीत, प्रत्येकाला अर्धा तास द्यावा, आणि त्या अर्ध्या तासात जे हाती लागेल त्याची दोन मिनिटांची फाइल उतरवावी. मग त्या सर्व फाइलींची पातळी समान करावी. ऑडॅसिटीत लाउडनेस नॉर्मलायझेशन हा इफेक्ट आहे, त्यात सर्वांना एकच आकडा, उदाहरणार्थ उणे २३ एलयूएफएस (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचे एकक), द्यावा. हे टाळले तर कान मोठ्या आवाजाच्या फाइलला चांगली ठरवतो, आणि बऱ्याच प्लगइनचा बाहेर पडणारा आवाज मुद्दामच चढा ठेवलेला असतो. फाइलींची नावे दुसऱ्या कोणाकडून बदलून घ्यावीत आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, आदल्या रात्रीच्या कौतुकाचा अंमल उतरल्यावर, त्या ऐकाव्यात.

ऐकताना आधी बंद हेडफोन आणि मग स्पीकर असा क्रम ठेवावा. रस्त्यालगतच्या मुंबईतील घरात वाहतुकीचा आवाज वातावरणाची मंद शेपूट गिळून टाकतो, त्यामुळे स्पीकरवरची तपासणी रात्री उशिरा, पंखा बंद करून करावी. ताणलेल्या आणि सूर खाली उतरवलेल्या आवाजात ३०-४० हर्ट्झच्या खालचा गाळ साचलेला असतो; लहान स्पीकरवर तो ऐकू येत नाही आणि नाट्यगृहातल्या मोठ्या स्पीकरवर संवाद दडपतो. तो फिल्टरने कापूनच फाइल पुढे द्यावी. नाटकासाठी काम असेल तर फाइल कोणत्या यंत्रावरून वाजणार हेही आधीच विचारून ठेवावे: क्यूलॅब हे नाट्यध्वनीचे लोकप्रिय सॉफ्टवेअर फक्त मॅकवर चालते, त्याची विनामूल्य आवृत्ती साध्या स्टिरिओ कामाला पुरते, आणि त्यात थर वेगवेगळ्या फाइलींत दिले तर नटाच्या विरामाप्रमाणे एकेक थर वर-खाली करण्याची मोकळीक ध्वनिसंयोजकाच्या हाती राहते.